वास आला म्हणजे धूर छातीत गेला का?



मागच्या महिन्यात दौंड तालुक्यातल्या एका ग्रामसंघाच्या बैठकीला गेले होते. हप्ते गोळा झाले, वह्या लिहून झाल्या, चहा आला. तेवढ्यात मागे बसलेली एक नवी सून, मांडीवर पाच महिन्यांचं बाळ घेऊन, हळूच म्हणाली, "ताई, एक विचारू का? हसणार नाही ना?"

तिचं म्हणणं असं. घरात सासरे बिडी ओढतात. आत नाही ओढत, पुढच्या पडवीत बसून ओढतात. पण घर पत्र्याचं. मधली भिंत वर पत्र्यापर्यंत गेलेली नाही. त्यामुळे वास आतल्या खोलीत येतो, आणि तिथेच बाळाची झोळी बांधलेली. बाळाला दोन महिन्यांत तीनदा खोकला झाला. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "नुसता वास येतो, धूर कुठं येतो? आम्ही नाही का त्यातच वाढलो?" सासूबाई म्हणाल्या, "वासानं काय होतंय?" आता तिलाच कळेना, की आपण उगाच घाबरतोय की खरंच काही धोका आहे.

कुणी हसलं नाही. उलट तीन-चार जणी एकदम बोलायला लागल्या, "आमच्याकडं पण असंच आहे." नंतर शिरूरला गेले तर तिथे तोच प्रश्न दुसऱ्या रूपात आला. रांजणगाव एमआयडीसीच्या बाजूला भाड्याच्या खोल्यांत राहणारी एक ताई म्हणाली, "आमच्या घरात कुणीच ओढत नाही. पण शेजारच्या खोलीतली पोरं रात्री सिगारेट ओढतात, तो वास आमच्या अंथरुणापर्यंत येतो. मला दमा आहे. हे चालतं का?"

दोन्ही प्रश्न एकच आहेत. वास आला म्हणजे धूर आपल्या छातीत गेला का? आणि गेला तर त्याने खरंच नुकसान होतं का? म्हणून या अंकात जरा सविस्तर लिहिते. कुणाला घाबरवायचं नाही आणि कुणाला खोटा धीरही द्यायचा नाही.

आधी वासाचं गणित समजून घेऊ

आपल्या दौंड तालुक्यात गुऱ्हाळं भरपूर. रस उकळायला लागला की वास लांबच्या वस्तीपर्यंत येतो. पण तेवढ्या अंतरावर आपल्याला काहिलीची धग लागत नाही. म्हणजे वास लांब जातो, धग जात नाही. आपलं नाक फार तिखट असतं. हवेत एखादी गोष्ट अगदी चिमूटभर असली तरी ते ओळखतं.

आता दुसरं उदाहरण घ्या. मिरचीची फोडणी दिली, तर अंगणातल्या माणसाला वास येतो. पडवीतल्या माणसाला शिंक येते. चुलीपाशी बसलेलीला ठसका लागतो, डोळ्यांतून पाणी येतं. वस्तू तीच, पण कुणाच्या वाट्याला किती आली ते वेगळं.

तंबाखूच्या धुराचंही असंच आहे. वास आला याचा अर्थ एवढा नक्की, की जिथे बिडी जळतेय तिथली हवा तुमच्यापर्यंत पोचतेय. वाट उघडी आहे. त्या हवेबरोबर थोडाफार धूरही आत येतोच, कारण धुराचे कण इतके बारीक असतात की डोळ्यांना दिसत नाहीत आणि दाराच्या फटीतून, पत्र्याखालच्या मोकळ्या जागेतून सहज येतात. "धूर कुठं दिसतोय?" हा प्रश्न म्हणूनच चुकीचा आहे. दिसणारा धूर विरला तरी त्यातले बारीक कण हवेतच असतात.

पण किती धूर आला, हे नाक सांगू शकत नाही. ते ठरतं चार गोष्टींवर:

- किती बिड्या किंवा सिगारेटी ओढल्या जातात,
- किती जवळ ओढल्या जातात,
- जागा किती कोंदट आहे,
- आणि आपण त्या हवेत रोज किती तास असतो.

एक दिवस गाडीत शेजारच्या माणसाच्या शर्टाला वास आला, ही एक गोष्ट. रोज रात्री बंद खोलीत तीच हवा घेऊन झोपणं, ही दुसरी. दोन्हीत वास आहे, पण धोका सारखा नाही.

नाकावर उलट बाजूनेही भरवसा ठेवू नका

शिरूरकडे पोल्ट्रीवाल्या ताया खूप आहेत. त्यांना विचारा. पाहुणा आला की नाक दाबतो, आणि आपण म्हणतो, "कसला वास? मला तर काही येत नाही." नाकाला सवय होते. ज्या घरात वीस वर्षं बिडी ओढली जाते, त्या घरातल्या बाईला वास येतच नाही. माहेरून बहीण आली की ती म्हणते, "अगं, तुझ्या गोधडीला पण बिडीचा वास येतोय."

म्हणून "मला वास येत नाही, म्हणजे धूर नाही" असं समजू नका. वास नाही याचा अर्थ धोका नाही, असा होत नाही.

धुरात असतं तरी काय?

बिडी किंवा सिगारेट जळते तेव्हा दोन प्रकारचा धूर निघतो. एक, ओढणारा आत घेऊन बाहेर सोडतो तो. दुसरा, दोन झुरक्यांच्या मधे जळत्या टोकाकडून नुसताच निघत राहतो तो. खोलीत पसरणाऱ्या धुरात हा दुसरा जास्त असतो. तो कुणाच्या छातीतून, कुठल्या फिल्टरमधून गाळून आलेला नसतो. सरळ हवेत येतो.

तंबाखूच्या धुरात ७,००० पेक्षा जास्त रसायनं सापडली आहेत. त्यातली जवळजवळ ७० कर्करोग करणारी आहेत. त्याशिवाय कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे बंद खोलीत शेगडी पेटवून झोपल्यावर जो वायू माणूस मारतो तोच, थोड्या प्रमाणात यातही असतो. बिडी पानाची म्हणून "साधी" असते, असं काही नाही. तिच्यात तंबाखूच असते, फिल्टर नसतो, आणि ती विझू नये म्हणून ओढणाऱ्याला पुन्हा पुन्हा झुरके घ्यावे लागतात.

हे कुणी शोधून काढलं?

हा शोध बायकांमुळेच लागला, म्हणून मुद्दाम सांगते. जपानमध्ये तकेशी हिरायामा नावाचे डॉक्टर होते. त्यांनी स्वतः कधीही सिगारेट न ओढणाऱ्या, चाळिशीपुढच्या ९१,५४० विवाहित बायकांची माहिती ठेवली. एक-दोन नाही, १९६६ ते १९७९ अशी चौदा वर्षं. मग पाहिलं, की फुप्फुसाच्या कर्करोगाने कोण गेलं. ज्यांचे नवरे दिवसाला २० किंवा त्याहून जास्त सिगारेटी ओढत, त्या बायकांमध्ये हा धोका, न ओढणाऱ्यांच्या बायकांपेक्षा जवळजवळ दुप्पट दिसला. १९८१ साली हे छापून आलं तेव्हा मोठा गदारोळ झाला. सिगारेट कंपन्यांनी त्यात चुका काढायचा खूप प्रयत्न केला. पण नंतर वेगवेगळ्या देशांत पुन्हा पुन्हा अभ्यास झाले आणि मूळ मुद्दा खराच निघाला. ओढतो एक, भोगतो दुसरा.

पुढे अमेरिकेच्या सरकारी आरोग्य खात्याने २००६ मध्ये सगळे अभ्यास एकत्र करून सांगितलं, की घरात किंवा कामावर दुसऱ्याच्या धुरात राहणाऱ्या, स्वतः न ओढणाऱ्या माणसांना हृदयविकाराचा धोका २५ ते ३० टक्के वाढतो आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचा २० ते ३० टक्के. याचा अर्थ शंभरातल्या तीस जणींना आजार होतो असा नाही हं. अर्थ असा, की जिथे एरवी दहा जणींना तो आजार झाला असता, तिथे बारा-तेरा जणींना होतो. वरच्या दोन-तीन जणी धुरामुळे. एका बाईचं नाव घेऊन "तुला होणार" असं कुणी सांगू शकत नाही. पण त्या दोन-तीन जणी टाळता आल्या असत्या, हे खरं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने दुसऱ्याच्या धुरामुळे जगात दरवर्षी दहा लाखांहून जास्त माणसं जातात. आणि तंबाखूच्या धुराचं "इतकं चालतं" असं कुठलंही सुरक्षित प्रमाण नाही, असं ती संघटना सांगते. थोडा धूर म्हणजे थोडा धोका, जास्त धूर म्हणजे जास्त धोका. शून्य धोका फक्त शून्य धुरात.

बाळांचं वेगळं का?

आता त्या सुनेच्या प्रश्नाकडे येऊ. मोठ्या माणसापेक्षा बाळ मिनिटाला जास्त वेळा श्वास घेतं. त्याची फुप्फुसं अजून वाढत असतात. आणि त्याला उठून बाहेर जाता येत नाही. आपण नाक मुरडून अंगणात जाऊ, ते झोळीतच राहतं.

धुराच्या घरातल्या मुलांना खोकला, न्यूमोनिया, कान फुटणं हे जास्त होतं. दमा असेल तर झटके जास्त येतात. झोपेत अचानक बाळ दगावण्याचा धोकाही वाढतो. गरोदर बाई धुरात राहिली तर बाळ वजनाने कमी जन्मण्याची शक्यता वाढते.

मग त्या बाळाचा खोकला बिडीमुळेच झाला का? तसं छातीठोक म्हणता येणार नाही. सर्दीच्या विषाणूनेही होतो, चुलीच्या धुरानेही होतो. पण एवढं नक्की म्हणता येतं, की पाच महिन्यांच्या बाळाच्या झोळीपर्यंत रोज बिडीचा वास येत असेल तर त्या सुनेची काळजी उगाचची नाही. ती बरोबर आहे.

आणि "आम्ही नाही का वाढलो?" याला उत्तर हेच, की जे वाढले ते सांगायला आहेत. जे आजारी पडले, गेले, त्यांना कुणी विचारत नाही. शिवाय तेव्हा कान फुटला, छाती भरली, की आपण त्याला "थंडी बाधली" म्हणायचो. बिडीचं नाव कुणी घेतलंच नाही.

कुठला वास किती गंभीर? एकेक पाहू

*१. त्याच खोलीत कुणी ओढतंय.* हा सगळ्यात मोठा धोका. इथे चर्चा नको. खोलीत बाळ, गरोदर बाई, दम्याचा किंवा हृदयाचा रुग्ण असेल तर अजिबात नको. निरोगी तरुण माणसालाही अर्धा तास अशा धुरात बसवलं तर हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या कामात फरक पडतो, असं जपानमधल्याच एका अभ्यासात २००१ साली दिसलं होतं.

*२. बिडी विझली, पण खोली कोंदट आहे.* धूर विझण्याबरोबर जात नाही. बंद खोलीत बारीक कण बराच वेळ तरंगत राहतात. "बाळ बाहेर असताना ओढून घेतो" हे म्हणूनच पुरेसं नाही.

*३. पडवीतून, ओट्यावरून, शेजारच्या खोलीतून येणारा वास.* खोलीतल्यापेक्षा कमी, पण रोजचा असेल तर सोडून देण्यासारखा नाही. ती दौंडची सून आणि शिरूरची दम्याची ताई दोघी इथे येतात. वाट बंद करणं किंवा ओढण्याची जागा लांब नेणं, हा उपाय.

*४. कपड्याला, हाताला, गोधडीला, भिंतीला वास.* इथे हवेत धूर फारसा नसतो. पण धुरातलं निकोटिन आणि इतर घाण कापडावर, भिंतीवर बसलेली असते. यावर अभ्यास अजून चालू आहेत आणि धोका समोरच्या धुरापेक्षा कमीच धरायला हवा. तरी रांगणारं बाळ सगळं तोंडात घालतं. म्हणून बिडी ओढून आल्यावर हात-तोंड धुऊन, शर्ट बदलून मगच बाळाला घ्यावं.

*५. बाजारात, एसटी स्टँडवर एक झुळूक आली.* याने आजार जडत नाही. चार पावलं बाजूला व्हा आणि विसरून जा. प्रत्येक वासाला घाबरून जगायचं नाही.

हे उपाय कामाचे नाहीत

*खिडकी उघडणं, पंखा लावणं.* वास थोडा कमी होतो, पण धूर पूर्ण जात नाही. पंखा तर तोच धूर खोलीभर फिरवतो.

*उदबत्ती, धूप लावणं.* वास झाकला जातो आणि एका धुरात दुसऱ्याची भर पडते.

*मच्छर अगरबत्ती.* हे ऐकून बैठकीतल्या सगळ्या चमकल्या होत्या. २००३ साली छापून आलेल्या एका अभ्यासात असं मोजलं गेलं, की एक मच्छर कॉइल पूर्ण जळली की बारीक कणांचा जो धूर निघतो, तो ७५ ते १३७ सिगारेटींइतका असतो. बंद खोलीत बाळाच्या उशाशी कॉइल लावू नका. मच्छरदाणी बरी.

*मिशरी.* "आमच्या घरात कुणी ओढत नाही" म्हणणाऱ्या घरात मिशरी भाजली जातेच. तव्यावर तंबाखू जळते तेव्हा निघणारा धूर हाही तंबाखूचाच धूर. आणि मिशरी लावणं वेगळंच नुकसान करतं. मुंबईत १,२१७ गरोदर बायकांचा अभ्यास झाला, तो २००४ साली छापून आला. ज्या बायका मिशरीसारखी धुराविना तंबाखू वापरत होत्या, त्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅम हलकी जन्मली. आबांना बिडीबद्दल बोलायचं तर आपली मिशरीची डबीही आपण समोर ठेवली पाहिजे, नाही का?

आणि आपली चूल?

खरं सांगायचं तर काही घरांत बिडीपेक्षा चुलीचा धूर जास्त असतो. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि इंग्लंडचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट' या नामवंत वैद्यकीय मासिकात लिहिलं, की आयुष्यात कधी बिडी-सिगारेट न ओढलेल्या माणसांनाही फुप्फुसं निकामी करणारा दम लागण्याचा आजार होतो आणि त्यामागे लाकूड-गोवऱ्यांच्या धुराचा मोठा हात आहे. आपल्याच शिरूर तालुक्यात वढू बुद्रुकला केईएम हॉस्पिटल रिसर्च सेंटरचं केंद्र आहे. गावोगावच्या घरांत जाऊन आरोग्याची माहिती गोळा करण्याचं काम तिथे बरीच वर्षं चालू आहे.

सांगायचा मुद्दा हा, की फुप्फुसाला बिडीचा धूर आणि चुलीचा धूर वेगळा कळत नाही. दोन्हींची बेरीज होते. गॅस असेल तर तो पाहुण्यांसाठी राखून ठेवू नका. चूल पेटवावीच लागली तर बाळाला जवळ बसवू नका.

कायदा काय म्हणतो?

मुंबईचे मुरली देवरा यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. २ नोव्हेंबर २००१ रोजी न्यायालयाने सांगितलं, की जो ओढत नाही त्याने दुसऱ्याच्या धुराने आजारी का पडावं? दवाखाने, शाळा, कचेऱ्या, रेल्वे, सार्वजनिक गाड्या इथे धूम्रपान बंद करा, असा आदेश झाला. पुढे २००३ चा तंबाखू नियंत्रण कायदा आला, आणि २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक जागी धूम्रपानाला बंदी नीट लागू झाली. मोडल्यास २०० रुपयांपर्यंत दंड. ग्रामपंचायत कार्यालय, अंगणवाडी, शाळा, दवाखाना, हॉटेल या ठिकाणी "धूम्रपान निषिद्ध क्षेत्र" असा फलक लागलाच पाहिजे. आपल्या गावात आहे का, ग्रामसंघाने एकदा फिरून पाहावं.

पण हा कायदा आपल्या घराच्या उंबऱ्यापाशी थांबतो. घरात कुणी दंड करायला येणार नाही. २०१६-१७ च्या देशव्यापी तंबाखू पाहणीत ३८.७ टक्के प्रौढांनी सांगितलं, की घरातच त्यांच्या वाट्याला दुसऱ्याचा धूर येतो. त्याआधीच्या २००९-१० च्या पाहणीत हेच प्रमाण ५२.३ टक्के होतं. म्हणजे घरं बदलतायत. दंडाने नाही, बोलण्याने.

मग बोलायचं कसं?

खरी अडचण इथेच आहे. सासऱ्यांना सुनेनं सांगायचं म्हणजे सोपं नाही. बैठकीत सगळ्या जणींनी मिळून जे सुचवलं ते लिहिते.

एक, भांडणाच्या वेळी नाही, चांगल्या वेळी बोलायचं. आबा नातवाला खेळवत असतील तेव्हा.

दोन, "बिडी सोडा" इथून सुरुवात नको. "जागा बदला" इथून करा. बिडी सोडणं अवघड असतं, निकोटिनची सवय शरीराला लागलेली असते. पण जागा बदलणं आजच जमतं. "आबा, तुमची बाज लिंबाखाली टाकू का? बाळाचा खोकला जाईपर्यंत तिथं बसून ओढा." यात अपमान नाही.

तीन, दारात किंवा खिडकीखाली नको. वाऱ्याने धूर परत आत येतो. घरापासून चांगलं लांब.

चार, हे काम एकट्या सुनेचं नाही. वडिलांशी मुलाने बोलावं. सासूबाईंना आधी पटवावं. घरचं ऐकत नसतील तर आशाताईंना घरी बोलवावं. बाहेरच्या जाणत्या माणसाचं ऐकलं जातं.

पाच, हिशेब आपल्याला येतो, तो मांडा. दिवसाला बिडी-काडीपेटीवर ३० रुपये जात असतील तर महिन्याला ९००, वर्षाला १०,९५०. गटाची मासिक बचत यापेक्षा किती कमी आहे, ते प्रत्येकीने आपापल्या पासबुकात पाहावं.

सहा, कुणी सोडायला तयार झालं तर मदत आहे. १८००-११-२३५६ हा सरकारचा मोफत फोन नंबर तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी आहे. सिगारेटच्या पाकिटावरही तो छापलेला असतो. एका फटक्यात नाही सुटली तरी हिणवू नका. बऱ्याच जणांची दोन-चार वेळा प्रयत्न केल्यावरच सुटते.

शेजारच्या खोलीतून वास येत असेल तर आधी शांतपणे सांगा, की घरात दम्याचा रुग्ण आहे. मोकळ्या गच्चीवर किंवा रस्त्याकडे जाऊन ओढायला सांगा. मधल्या भिंतीवरची फट, दाराखालची फट बुजवा. घरमालकीण आपल्याच गटातली असेल तर भाड्याने देतानाच "खोलीत ओढायचं नाही" हे ठरवून घेता येतं.

हे मात्र थांबून पाहू नका

बाळाला खोकला असेल तर ते शांत असताना घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त श्वास होत असतील तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या. श्वास घेताना बरगड्यांखालची छाती आत ओढली जात असेल, बाळ पीत नसेल, मलूल पडलं असेल तर एक क्षणही थांबू नका, १०८ ला फोन करा. त्या वेळी बिडी की चूल की विषाणू, हा वाद नको.

शेवटी, त्या सुनेचं काय झालं?

परवा तिचा फोन आला. नवऱ्याला तिने गुऱ्हाळाचं आणि फोडणीचं उदाहरण सांगितलं, ते त्याला पटलं. तो वडिलांशी बोलला. आबा दोन दिवस रुसले, जेवताना बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतःच बाज उचलून अंगणात लिंबाखाली नेली. बिडी सुटलेली नाही. पण आता घरात येण्याआधी नळावर हात-तोंड धुतात आणि बाळाला घ्यायला वेगळं उपरणं खुंटीला ठेवलंय. बाळाला मधे एकदा सर्दी झालीच. ते सगळ्याच बाळांना होतं.

ती म्हणाली, "ताई, घरात आता पाहुण्यांना आबाच सांगतात, ओढायची असेल तर बाहेर चला, आत नातू झोपलाय."

पुढच्या बैठकीत प्रत्येक गटाने एवढंच करावं. आपल्या दहा-बारा घरांपैकी किती घरांत आत बिडी-सिगारेट ओढली जाते, किती घरांत मिशरी भाजली जाते, किती घरांत बाळ किंवा गरोदर बाई आहे, हे वहीत लिहावं. नावं नको, आकडे पुरेत. सहा महिन्यांनी पुन्हा लिहावं. हप्त्याचा आकडा आपण जसा दर महिन्याला पाहतो, तसाच हाही पाहू.